रिळाला रंग नको, वंगण हवे

जुन्या बाजारातून आणलेले मासेमारीचे स्पिनिंग रीळ घासूनपुसून, रंग चढवून कपाटात मांडणे, यालाच हल्ली जीर्णोद्धार म्हणतात. आम्हांस हे मान्य नाही. धरमतर खाडीच्या मुखाशी वसलेल्या करंजाच्या कोळीवाड्यात हत्याराची प्रत त्याच्या कामावरून ठरते, चकाकीवरून नव्हे.

१९०५ साली इंग्लंडमध्ये इलिंगवर्थ यांनी अशा रिळाचे पेटंट घेतले. गळ फेकताना त्याची फिरकी स्थिर राहते आणि तंगूस तिच्या टोकावरून सुटत जातो. परत ओढताना मात्र तो तारेच्या कमानीवरील लहानशा रोलरवरून येतो. खाऱ्या हवेने हा रोलर अडकला, की तंगूस तेथेच घासतो, झिजतो आणि ऐन वेळी तुटतो. मासा तर जातोच. परंतु तुटलेला नायलॉन वर्षानुवर्षे पाण्यात राहून पाखरांच्या पायांना फास लावतो. बाहेरच्या रंगाने यांतले काय टळते?

तेव्हा रीळ आधी खोलावे. घट्ट झालेले ग्रीस रॉकेलने काढून, भाग कोरडे करून, दातेरी चक्रांना नवे ग्रीस व रोलरला तेलाचा थेंब द्यावा.

'एवढ्या खटाटोपापेक्षा नवे घ्यावे' असे कोणी म्हणेल. अवश्य घ्यावे, पण याचे सुटे भाग मिळतील काय, हे दुकानदारास आधी विचारावे. गिऱ्हाईक विचारीत नाही, म्हणूनच न उघडणाऱ्या वस्तूंचा सुकाळ झाला आहे. मुलांच्या हाती नव्या रिळाआधी पेचकस द्या.