पुरस्कार आधी की चित्रपट आधी?

दादासाहेब फाळके यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ या वर्षापासून दिला जातो; त्याच्या पहिल्या मानकरी देविका राणी. तेव्हापासून तो आयुष्यभराच्या कामगिरीसाठीच मिळत आला आहे. त्यात गैर काही नाही. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ तो आहे त्या फाळक्यांचे चरित्र आठवले की मनात शंका येते. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ मध्ये लंडनला गेले, कॅमेरा घेऊन परतले. पण चित्रपटासाठी पैसा कोण देणार? तेव्हा त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी चित्रित केली आणि ‘अंकुराची वाढ’ ही इवलीशी फिल्म दाखवून कर्ज उभे केले. सरस्वतीबाईंचे दागिने गेले ते वेगळेच. त्या घडीला शाल-श्रीफळ त्यांच्या काय कामाचे होते? हवी होती ती रक्कम, आणि तीही ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) पडद्यावर येण्याआधी.

होतकरू चित्रपटकारांसाठी स्मृतिपुरस्कार ठेवणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी, असे आमचे मत आहे. तेलुगू लेखक-अभिनेते गोल्लपुडी मारुती राव यांचा मुलगा श्रीनिवास १९९२ मध्ये आपल्या पहिल्याच चित्रपटाच्या चित्रीकरणादरम्यान समुद्रात बुडून गेला. वडिलांनी त्याच्या नावाने पदार्पण करणाऱ्या दिग्दर्शकांसाठी राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला. यापेक्षा खरे स्मारक कोणते असणार! तरीही तो ‘तारे जमीं पर’साठी आमिर खान यांनाही मिळाला. नियमाला धरूनच मिळाला. पण त्यांना होतकरू म्हणताना थोडे हसू येतेच. चित्रपट पूर्ण झाल्यावर दिलेला पुरस्कार अखेर ज्याला तो पूर्ण करणे परवडले त्याच्याकडेच जातो.

गोंदिया जिल्ह्यातल्या कोहमाऱ्याकडून पाहिले तर हा प्रश्न अधिकच टोचतो. मुंबई-कोलकाता महामार्गावरचे हे फाट्याचे गाव. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने या साऱ्या पट्ट्यात झाडीपट्टीच्या नाटकांचे फलक लागतात. वडशाच्या कंपन्या गावोगाव फिरतात, गावचे मंडळ तिकीट लावते आणि प्रेक्षक पैसे मोजून थंडीत पहाटेपर्यंत बसतो. मराठी रंगभूमीच्या अवनतीवर परिसंवाद झडत असताना इकडे हे सुखेनैव चालू असते, असो. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा अनेकांना या रंगभूमीचा शोध लागला. नट, लेखक, वादक, प्रेक्षक, सारे येथे आहे. चित्रपटाने मात्र इकडे क्वचितच पाहिले. तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ (२०२२) हा त्यातला ठळक अपवाद.

येथल्या एखाद्या मुलीने मोबाइलवर पंधरा मिनिटांची फिल्म केली, तर तिची भाषा कोणती असावी? झाडीबोलीची साहित्य संमेलने भरतात, डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकाने या बोलीसाठी कित्येक वर्षे वेचली. पण स्पर्धेचे नाव काढताच परीक्षकांना समजावे म्हणून फिल्ममधली आजी प्रमाण मराठी बोलू लागते. ‘स्थानिक’ याचा अर्थ रहिवासी दाखला नव्हे.

नागराज मंजुळे यांचे उदाहरण आपल्या विद्यार्थ्यांना जवळचे वाटावे. तेही मराठीचेच एम. ए. नगरच्या महाविद्यालयात संज्ञापन शिकताना त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि पुढे ‘फँड्री’ (२०१३) या मोठ्या चित्रपटाने पदार्पणाचा इंदिरा गांधी पुरस्कार मिळवला. ‘फँड्री’ हा शब्दच मुळी कैकाडी! (त्या पुरस्कारातले इंदिरा गांधींचे नाव २०२४ मध्ये वगळले गेले. स्मृतिपुरस्कारांच्या नावांचे आयुष्यही असे असते.) येथे महत्त्वाचे आहे ते पहिले, छोटे पाऊल महाविद्यालयाच्या आधाराने पडले हे.

तेव्हा कोणी दाता पुढे आलाच, तर त्याने चषकावर खर्च करू नये. संहिता वाचून रक्कम आधीच द्यावी. कॅमेरा नाही तरी चालेल, पण ध्वनिमुद्रणाचे चांगले साहित्य भाड्याने मिळावे, कारण बोली ऐकू आली नाही तर उरले काय? परीक्षकांत एक तरी झाडीबोली बोलणारा असावा. आणि तयार फिल्म सभागृहात पाहुण्यांपुढे दाखवण्याऐवजी नाटकाच्याच मंडपात, पडदा उघडण्यापूर्वी दाखवावी. तो प्रेक्षक कंटाळला तर तसे लगेच सांगतो.