वीज वाटली जाते, मग पॅकेट का नाही?

रोधांच्या समांतर जोडणीचे उदाहरण तुमच्या वहीत असेलच. एक रोध २ ओहमचा, दुसरा ३ ओहमचा आणि एकूण धारा १० अँपिअर. पहिल्यातून ६ आणि दुसऱ्यातून ४ अँपिअर जातात. आता गंमत पाहा. या वाटणीत दर सेकंदाला १२० ज्यूल उष्णता निर्माण होते. वाटणी ५-५ किंवा ७-३ अशी केली, तर ती १२५ भरते. कागदावर करून पाहा! सर्वांत कमी उष्णतेची वाटणी आपोआप साधली गेली, तीही कोणी हिशेबाला न बसता.

संगणकांच्या जाळ्यातही असेच होत असेल, असे सहज वाटते. एक वाट तुंबली की संदेश आपोआप दुसरीकडे वळत असतील. ही समजूत चुकीची आहे, आणि आम्ही शिक्षकच ती नकळत पसरवतो, असे माझे मत आहे.

संदेश पाठवताना त्याचे लहान तुकडे करतात. त्यांना पॅकेट म्हणतात. वाटेतल्या प्रत्येक नाक्यावर राऊटर नावाचे यंत्र आपल्या तक्त्यात पाहून पॅकेट पुढे ढकलते. तक्ता बहुधा सर्वांत जवळची वाट सांगतो. तिच्यावर दाटी किती, याचा त्यात सहसा विचार नसतो. लांबची वाट रिकामी पडून राहिली, तरी नाक्याला त्याचे काही नाही.

मग दाटी मोजून वाट ठरवावी, असे तुम्ही म्हणाल. तेही करून झाले आहे. इंटरनेटचा पूर्वज म्हणजे अमेरिकेतील आर्पानेट. त्यात १९७९ पासून प्रत्येक नाका पॅकेटला होणारा उशीर मोजून इतरांना कळवू लागला. भार बेताचा असेपर्यंत हे छान चाले. भार वाढला की मात्र सगळे नाके एकाच बातमीवर विसंबून एकदमच रिकाम्या वाटेकडे धावत; ती तुंबली की पुन्हा सगळे पहिलीकडे! हे हेलकावे आवरण्यासाठी १९८७ मध्ये मोजण्याची रीत बदलावी लागली. रोधांच्या जोडणीत दोन्ही शाखांना एकच विभवांतर मिळते आणि धारा त्या मानाने विभागली जाते. नाक्याला मात्र थोडी शिळी बातमी मिळते, आणि तो आपली सगळी पॅकेटे एकाच वाटेला लावतो.

२००८ मध्ये स्टॅनफर्ड आणि इतर विद्यापीठांतील संशोधकांनी ओपनफ्लो ही पद्धत मांडली. नाक्यांनी केवळ पॅकेट ढकलावी; वाट ठरवण्याचे काम वेगळ्या नियंत्रकाने करावे. नियंत्रकापुढे सगळा नकाशा असतो, म्हणून 'सहा भाग इकडून, चार भाग तिकडून' अशी आज्ञा तो देऊ शकतो. (एकाच संभाषणाची पॅकेटे मात्र शक्यतो एकाच वाटेने ठेवतात, नाहीतर ती मागेपुढे पोचतात.) गूगल कंपनीने आपली डेटा केंद्रे जोडणाऱ्या 'बी-फोर' जाळ्यात ही रीत वापरली. अशा लांब पल्ल्याच्या वाहिन्या एरवी सरासरी ३० ते ४० टक्केच भरतात. बी-फोरमधील अनेक वाहिन्या जवळजवळ १०० टक्के भरून चालल्या, असे तिच्या अभियंत्यांनी २०१३ मध्ये लिहिले.

पण यात फुकट काही मिळत नाही. भरलेल्या वाहिनीत बिघाड झाला की कोणाला तरी थांबावेच लागते. तेथे केंद्रांमधील साठे जुळवून घेण्याची अवजड, बिनघाईची कामे मागे ठेवली जातात. कंपनीचे जाळे, कंपनीची कामे, ठीक आहे. पण ज्या सार्वजनिक वाहिनीवरून रुग्णाचा एक्स-रे आणि कोणाचा तरी चित्रपट बरोबरच जातात, तेथे कोणी थांबावे हे गणित सांगत नाही. ते ठरवणाऱ्याने आपले नियम उघड मांडले पाहिजेत.

आणि नियंत्रकच चुकला तर? त्या अभियंत्यांनी जवळच्या वाटेची जुनी रीत खाली तशीच चालू ठेवली होती. वाटपाची यंत्रणा बंद करून केव्हाही तिच्यावर परतता येई. मला या रचनेतील ही सर्वांत शहाणी गोष्ट वाटते.

शिक्षकांना एक सूचना. वर्गाला दोन दारे असतील, तर 'रिकाम्या दाराने बाहेर पडा' असे सर्वांना एकदम सांगून पाहा. मग एका विद्यार्थ्याला बाकावर उभे करून त्याला वाटणी करू द्या, आणि दोन्ही वेळा घड्याळ लावा.