पाहुण्यांची नोंदही उसाच्या नोंदीइतकीच खरी हवी



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत, पाचट आणि ठिबक यांविषयी लिहितो. या खेपेला पाहुण्यांविषयी लिहीत आहोत, याचे काहींना नवल वाटेल. पण विषय तुमच्या जमिनीचा आणि कर्जाचा आहे, म्हणून तो याच पानावर यायला हवा.

गेल्या हंगामाच्या तोंडावर पर्यटन व हॉटेल व्यवस्थापन शिकणारे दोन विद्यार्थी आमच्या गट कार्यालयात आले. प्रबंधासाठी त्यांना कृषी पर्यटनाची माहिती हवी होती. हातात छापील प्रश्नावली होती. आपल्या एका सभासदाने रस्त्याकडेच्या मळ्यात, आंब्याखाली दोन खोल्या बांधल्या आहेत. तिकडे आम्हीच त्यांना घेऊन गेलो. चहा झाला, शेंगा भाजल्या. मग प्रश्न आला, "वर्षात किती पर्यटक येतात?"

"लई येतेत की! पाचशेच्या खाली नसतील." विद्यार्थ्याने पाचशे लिहून घेतले.

निघताना आम्ही बाजूला घेऊन विचारले, "आबा, पाचशे कुठून आणले?" तर म्हणाले, "साहेब, पोरीच्या लग्नाचे वऱ्हाडी धरले की त्यात. लेकरं एवढ्या लांबून आली, त्यांना रिकाम्या हातानं कसं लावायचं?"

माणुसकी म्हणून हे उत्तर शंभर नंबरी. संशोधन म्हणून मात्र त्याची किंमत शून्य. आणि चूक एकट्या आबांची नाही. आम्ही तिथेच बसलो होतो आणि गप्प राहिलो.

उसाच्या नोंदीशी हे ताडून पहा. एक एकराची दीड एकर नोंद झाली, किंवा एकाच फडाची नोंद दोन कारखान्यांकडे झाली, की तोडणीचा कार्यक्रम कोलमडतो. कागदावर ऊस दिसतो, टोळी फडात गेली की ऊस नसतो; आणि ज्याचा खरा ऊस उभा आहे त्याची तोड लांबते. पाहुण्यांच्या खोट्या नोंदीचेही तसेच. प्रबंधातले पाचशे उद्या कोणाच्या तरी प्रकल्प अहवालात जातात, अहवाल बँकेत जातो, आणि शेजारचा सभासद त्या भरवशावर चार खोल्यांचे कर्ज काढतो. वऱ्हाडी काही हप्ता भरायला येत नाहीत.

काही सभासद म्हणतात, "पोरांचं डिग्रीसाठी चाललंय, आपल्याला काय त्याचं?" हे आम्हाला मान्य नाही. को ८६०३२ ही जात पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने १९९६ साली शिफारस केली. त्याआधी वर्षानुवर्षे प्लॉटवर मोजमाप झाले. वजन कोणी 'बरं दिसावं' म्हणून वाढवून लिहिले असते, तर नुकसान तुमचे झाले असते. पर्यटनाचेही आता शास्त्र झाले आहे. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पर्यटन प्रशासनाचा स्वतंत्र विभाग आहे. या शास्त्रातल्या तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली गोष्ट, डोकी मोजू नका, मुक्काम मोजा. जगभर जी व्याख्या धरतात तिच्याप्रमाणे रात्री मुक्काम करतो तो पर्यटक. सकाळी येऊन संध्याकाळी जातो तो नुसता दिवसाचा पाहुणा. परळीला वैद्यनाथाच्या दर्शनाला महाशिवरात्रीला केवढी गर्दी होते, अंबाजोगाईला योगेश्वरीच्या नवरात्रात किती भाविक येतात, हे आपण पाहतोच. पण त्यातले राहतात किती? आणि मुकुंदराजांची समाधी, हत्तीखान्याची लेणी, सौताड्याचा धबधबा पाहायला वळतात किती? खोली भरते ती मुक्कामी माणसावर.

दुसरी, आलेला रुपया गावात टिकतो किती ते पहा. पाहुण्याने हजार रुपये दिले, पण किराणा, बाटलीचे पाणी, गादी-चादर सगळे शहरातून आले, तर ते हजार आल्या वाटेने परत गेले. ज्वारी, तूर, भाजी, दूध गावचे असेल तरच पैसा गावात फिरतो.

तिसरी गोष्ट रिचर्ड बटलर या भूगोलाच्या अभ्यासकाने १९८० साली मांडली. पर्यटनाच्या ठिकाणालाही आयुष्य असते. आधी थोडे लोक येतात, गावकरी घरात जागा देतात. मग बाहेरचे भांडवल येते, गर्दी वाढते. पुढे वाढ थांबते, आणि सुधारणा केली नाही तर उतरण लागते. लागणीला जोर, आणि खोडव्याची निगा राखली नाही तर उतारा घसरतो, हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको.

या तीन गोष्टींच्या जोडीला दोन प्रश्न बीडच्या मातीतले आहेत. ते बाहेरच्या प्रश्नावलीत आम्हाला दिसले नाहीत. हुरड्याचे आणि थंडीचे दिवस म्हणजे पाहुण्यांचा हंगाम. तोच आपला गळीत हंगाम. त्या वेळी निम्मे गाव कोयता घेऊन बाहेर असते. मग भाकरी थापायची कोणी? घरच्या लक्ष्मीनेच ना? तिच्या कष्टाची मजुरी हिशेबात धरलीच पाहिजे. दुसरा प्रश्न पाण्याचा. ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो, तिथे पाहुण्याच्या आंघोळीचे पाणी कोणाच्या वाट्याचे?

हे सगळे आताच लिहिण्याचे कारण आहे. राज्याने २०२० साली कृषी पर्यटन धोरण आणले. त्यात शेतकऱ्याबरोबर कृषी सहकारी संस्थांनाही वाव आहे. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडला रेल्वे पोहोचली. बारामतीकडे पांडुरंग तावरे यांनी २००५ पासून कृषी पर्यटनाचे काम उभे केले, त्याची उदाहरणेही आपल्या सभेत दिली जातात. सभासदांच्या खोल्यांसाठी कारखान्याने कर्जाला हमी द्यावी, अशी मागणी होत आहे. आमचे मत स्पष्ट आहे: खरी नोंद हाती येईपर्यंत हमी देऊ नये. उपक्रमाला आमचा विरोध नाही, पण अंदाजाने लागण करायला विरोध आहे.

ज्यांच्याकडे पाहुणे येतात त्यांनी एक वही घालावी. तारीख, माणसे किती, मुक्काम किती, आले कुठून, दिले किती, आपला खर्च किती, घरच्यांची मजुरी किती, पाणी किती. सोयरे-धायरे वेगळ्या पानावर. एक पूर्ण वर्ष, पावसाळ्यासह. वही ठेवायला आमच्या खात्याचे चिटबॉय मदत करतील.

आणि संशोधनाला येणाऱ्या मुला-मुलींना आपण जरूर मदत करू. चहा, शेंगा, हुरडा, सगळे देऊ. अट एकच ठेवू: निष्कर्ष मराठीत लिहून द्यावा आणि गट सभेत येऊन वाचून दाखवावा. माहिती आपली घेतली, तर उतारा आपल्याला कळलाच पाहिजे.

सुरुवात आमच्यापासून झाली आहे. आम्ही त्या विद्यार्थ्यांना आबांच्या संमतीने पत्र पाठवून खरा आकडा कळवला. लग्न वगळून वर्षातले पाहुणे एकतीस, त्यातले मुक्कामी नऊ. आबांना आधी ओशाळल्यासारखे झाले. मग तेच म्हणाले, "नऊ तर नऊ साहेब, पण हे नऊ खरे आहेत."

आपला,
ऊस विकास अधिकारी