चौकोनी खोली आणि पाचवा माणूस

थीम पार्क पाहायला निघालेल्या मोठ्या कुटुंबाने परवडेल असा मुक्काम कुठे शोधावा, हा प्रश्न साहित्यचर्चेच्या पानावर यावा अशा योग्यतेचा नाही, असे म्हणणारे बरेच निघतील. तो प्रवासी कंपन्यांच्या माहितीपत्रकांनी सोडवावा, फार तर वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीने. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. कुटुंब म्हणजे किती माणसे, त्यांत कोण मोजले जाते आणि कोण जादा ठरते, हे सांगणारा मजकूर आज कादंबरीपेक्षा हॉटेलच्या दरपत्रकात अधिक अधिकारवाणीने लिहिला जातो. आणि मजकूर वाचण्याचा पगार घेणारे आपण, किंवा ती विद्या शिकण्यासाठी शुल्क भरणारे आपण, हा एक मजकूर मात्र न वाचताच खाली सही करून मोकळे होतो.

थीम पार्कविषयी आपल्या वर्गांत जे बोलले जाते ते बहुधा उसने असते. उंबेर्तो एको यांचा अमेरिकेतील अतिवास्तवावरचा निबंध १९७५चा. ज्याँ बोद्रिआर यांनी १९८१मध्ये मांडले की डिस्नेलँड काल्पनिक म्हणून दाखवले जाते, ते त्याच्या कुंपणाबाहेरची अमेरिका खरी वाटावी म्हणून. ही विधाने तल्लख आहेत, यात शंका नाही. पण ती पाठ झाल्यापासून आमचे सारे निबंध किल्ल्याभोवती प्रदक्षिणा घालीत राहिले: प्रतिकृती, चिन्ह, आभास, पुन्हा प्रतिकृती. संध्याकाळी आतषबाजी संपल्यावर त्या किल्ल्यासमोरून उठलेली माणसे झोपायला कुठे जातात, हे विचारावेसे आम्हांला वाटले नाही. जी समीक्षा माणसांना अंथरूण विचारीत नाही, तिने त्यांच्या स्वप्नांविषयी फार बोलू नये.

तेव्हा प्रथम जागा पाहू. वॉल्ट डिस्ने यांनी १९५५मध्ये कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे पहिले उद्यान उघडले, तेव्हा जमीन होती सुमारे १६० एकर. पाहता पाहता कुंपणाबाहेर दुसऱ्यांची मोटेले उभी राहिली आणि मुक्कामाचा पैसा त्यांच्या गल्ल्यात जाऊ लागला. हा धडा घेऊन फ्लोरिडात ऑरलँडोजवळ साठच्या दशकाच्या मध्याला, वेगवेगळ्या कंपन्यांची नावे पुढे करून, सुमारे २७,००० एकर जमीन गुपचूप खरेदी करण्यात आली. वॉल्ट डिस्ने १९६६मध्ये वारले; १ ऑक्टोबर १९७१ रोजी वॉल्ट डिस्ने वर्ल्ड उघडले, ते आपल्या आवारातील हॉटेलांसह. म्हणजे इथे खोली ही उद्यानाची पुरवणी नाही. आलेल्या पाहुण्याला रात्रीही कुंपणाच्या आतच ठेवावे, या हेतूने ती मूळ आराखड्यातच आहे.

आता त्या खोलीचे व्याकरण पाहू. परवडणाऱ्या म्हणून ज्या हॉटेलांची गणना होते, त्यांतले पहिले १९९४मध्ये सुरू झाले. त्या वर्गातील साध्या खोलीत चार माणसे. तीन वर्षांखालचे मूल पाळण्यात निजणार असेल तर ते माणसांत धरीत नाहीत. दोनांहून अधिक सज्ञान माणसे असतील तर प्रत्येक जादा माणसामागे रात्रीचे जादा पैसे. आणि इथे सज्ञान म्हणजे अठरा वर्षांचा. उलट, उद्यानाच्या तिकीट खिडकीवर मूल दहाव्या वर्षीच प्रौढ होते. एकच पोर दिवसा प्रौढ आणि रात्री बालक असू शकते. दोन्ही व्याख्या एकाच मालकाच्या.

चाराचा हा आकडा आगीच्या नियमांमुळे आला, असे उत्तर कोणी देईल. माणसांच्या संख्येला सुरक्षिततेची मर्यादा असलीच पाहिजे, याविषयी वाद नाही. पण त्याच मालकाच्या जमिनीवर, कंटेम्पररी आणि पॉलिनेशियन या १९७१पासूनच्या महागड्या हॉटेलांच्या अनेक खोल्यांत पाच माणसे राहू शकतात. आणि फोर्ट वाइल्डरनेस या तळावर तंबू ठोकणाऱ्यांना एका जागेत दहापर्यंत माणसांची मुभा आहे. म्हणजे किती माणसांनी एकत्र झोपावे याचे उत्तर खोली कशी बांधली यावर अवलंबून आहे, आणि ती कशी बांधायची हे कोणीतरी नफ्यातोट्याचा हिशेब करून ठरवले आहे. त्या हिशेबाचे फलित असे, की ज्याला स्वस्ताईची गरज सर्वांत जास्त, त्या पाच-सहा जणांच्या कुटुंबाला स्वस्त दारातून परत पाठवून महाग दाराकडे वळवले जाते. गरज वाढली की पायरी चढायची, ही ती शिडी.

मराठीत या खोलीसाठी शब्द आधीच तयार होता: चौकोनी कुटुंब. हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्यामागचा हुकूम ऐकू येत नाही. 'हम दो, हमारे दो' ही घोषणा आणि भिंतीवरचा लाल त्रिकोण यांनी आपल्या दोन पिढ्यांना चाराचा पाढा शिकवला. त्याआधीची पिढी बायकोलाच 'कुटुंब' म्हणत असे. म्हणजे हा शब्द कधीच निष्पाप नव्हता, त्याच्या पोटात कोणाला घ्यायचे हे नेहमी दुसरेच कोणी ठरवीत आले. न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये राहणारे मराठी जोडपे, त्यांची दोन मुले आणि भारतातून सहा महिन्यांच्या मुक्कामाला आलेले आई-वडील, हा सहा जणांचा संसार उन्हाळ्याच्या सुटीत ऑरलँडोला निघाला, की त्या दोन म्हाताऱ्या माणसांना दरपत्रकात पहिल्यांदा आपली खरी ओळख कळते. ती म्हणजे जादा माणसे. घरात ज्यांच्या पाया पडून प्रवासाला निघायचे, त्यांच्या नावापुढे संगणकाच्या पडद्यावर अधिकची खूण उमटते.

यावर उपाय आहेत, आणि ते सांगणारे एक संपूर्ण वाङ्मय उभे राहिले आहे. दोन साध्या खोल्या घ्या. प्रत्येकीत निदान एक सज्ञान माणूस हवा, म्हणून नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे. किंवा सहा जणांचा फॅमिली स्वीट घ्या. २०१२मध्ये उघडलेल्या आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन या हॉटेलात तो आहे, मात्र त्याचे भाडे पुष्कळदा दोन साध्या खोल्यांच्या बेरजेहून जास्त निघते. शाळा बुडवा आणि गर्दी नसताना जा, कारण तिकिटाचा दर २०१८पासून तारखेनुसार बदलतो. यांतला एकेक सल्ला खरा आहे, उपयोगाचाही आहे. माझी तक्रार या वाङ्मयाच्या सुराविषयी आहे. ते कुटुंबाला सतत सांगत असते की तुम्ही पुरेसे हुशार नाही. हुशार असता तर बसला असता. खोली कधीच चुकत नाही. चुकते ते कुटुंब. तयार सदऱ्यात शरीर मावेना तर शरीर छाटावे, असा हा शिंपी आहे.

या वाङ्मयाचा सर्वांत लाडका उपाय म्हणजे उद्यानापासून काही मैलांवर, किसिमीच्या बाजूला, भाड्याने मिळणारे अख्खे घर. चार-सहा झोपण्याच्या खोल्या, मागे पोहण्याचा तलाव, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्वयंपाकघर. माणशी भाडे काढले तर हॉटेलपेक्षा ते बहुधा स्वस्तच पडते. पण हिशेब पुरा मांडावा. घर शेवटी साफ करून घेण्याचे शुल्क वेगळे. रोज जायला-यायला मोटार लागते आणि उद्यानाच्या दाराशी ती उभी करण्याचे पैसे पडतात. आतल्या हॉटेलात राहणाऱ्याला ते पडत नाहीत. सकाळी इतरांच्या अर्धा तास आधी मिळणारा प्रवेशही या घरातल्यांना नाही.

हे आकडे निदान कोणीतरी मांडते. न मांडलेला आकडा स्वयंपाकघरात आहे. उद्यानातले जेवण महाग म्हणून घरी रांधायचे. पण रांधायचे कोणी? सकाळी सहाला सहा जणांचे पोहे, डब्यांत पोळी-भाजी, दिवसभर पायांचे तुकडे पडेपर्यंत चालून रात्री पुन्हा वरण-भात, मग भांडी. जी बाई या सहलीचा अर्धा काळ ओट्यापाशी काढते, तिची सुटी त्या घराच्या भाड्यात कापून घेतलेली असते आणि पावतीवर ती दिसत नाही. सहल स्वस्त झाली कारण एका माणसाची मजुरी शून्य धरली. ज्या समीक्षेने मराठी कथेतल्या माजघरातली मुकी स्त्री शोधून काढली, तिला फ्लोरिडातल्या या चकचकीत ओट्यापाशी तीच उभी असलेली दिसू नये, याचे मला नवल वाटते.

आणखी एक स्वस्त जागा उरते. महामार्ग १९२च्या दुतर्फा असलेली जुनी मोटेले. शॉन बेकर यांचा 'द फ्लोरिडा प्रोजेक्ट' हा २०१७चा चित्रपट इथेच घडतो. डिस्ने वर्ल्डची आखणी चालू असताना त्या योजनेला हेच नाव होते, हा त्या शीर्षकातला काटा. जांभळ्या रंगाच्या मोटेलात मूनी ही सहा वर्षांची मुलगी आईबरोबर राहते. पर्यटकांसाठी बांधलेली खोली हेच तिचे घर, भाडे आठवड्याचे. कायमचे रहिवासी म्हणून हक्क लागू नये यासाठी अशा माणसांना मधूनच एक रात्र खोली सोडायला लावतात, हेही चित्रपटात येते. आणि येते एक नवविवाहित जोडपे, जे उद्यानाजवळचा मुक्काम समजून चुकून तिथे पोचले आहे. नवरी तो परिसर पाहून हादरते. आपण स्वस्त खोली शोधतो तेव्हा कधीकधी नकळत दुसऱ्याच्या घराचे दार वाजवीत असतो. पर्यटकाला जी खोली 'परवडते', तीच दुसऱ्या कुटुंबाला सोडवत नाही, कारण पक्क्या घराची अनामत त्याच्याजवळ साठत नाही. आणि या पट्ट्यातली पुष्कळ माणसे उद्यानांवर चालणाऱ्या उद्योगांतच राबतात.

यावर आपल्याकडचे ठरलेले उत्तर मला ऐकू येते: आमच्या तीर्थक्षेत्री असे नाही. शेगावला, शिर्डीला भक्तनिवास आहेत. माणूस वाढला तर एक गादी वाढते आणि प्रश्न संपतो. यात तथ्य आहे, आणि ते मोलाचे आहे: गादी हे एकक धरले की पाचवा माणूस गुन्हेगार ठरत नाही. पण या उत्तराने छाती फुगवण्याआधी दोन गोष्टी आठवाव्यात. आपल्या कित्येक धर्मशाळा विशिष्ट जातींसाठी बांधलेल्या होत्या. त्यांच्या दारावर किती माणसे हा प्रश्न नसे, कोणती माणसे हा असे. आणि ज्या एकत्र कुटुंबाच्या नावाने आपण गहिवरतो, त्याचा प्रवासही कोणाच्या तरी चुलीवर शिजत होता. गहिवर हे समीक्षेचे साधन नव्हे.

मग मागणे काय? पहिले साधे आहे: सर्वांत कमी भाड्याच्या वर्गातच पाच आणि सहा माणसांच्या खोल्या असाव्यात. हे अशक्य म्हणता येणार नाही. त्याच ऑरलँडोत युनिव्हर्सलने २०१४मध्ये काबाना बे आणि २०१९मध्ये सर्फसाइड इन ही हॉटेले उघडली, तेव्हा सहा जणांचे स्वीट आपल्या स्वस्त वर्गातच ठेवले. तेही धंदा करण्यासाठीच, दानधर्म म्हणून नव्हे. दुसरे, जादा माणसाचे शुल्क जादा खाट किंवा जादा सोय दिल्यावरच घ्यावे. नुसते अठरा वर्षांचे असण्याबद्दल घेऊ नये. तिसरे मागणे कुटुंबाकडे आहे. घर भाड्याने घ्यायचे तर ओट्याच्या पाळ्या निघण्यापूर्वीच ठरवाव्यात आणि त्यांत पुरुषांची नावे असावीत. ते जमणार नसेल तर बाहेरच्या जेवणाचा खर्च धरूनच सहल परवडते की नाही ते पाहावे.

चौथे मागणे आपल्यापाशी, म्हणजे वाचणाऱ्या-शिकवणाऱ्यांपाशी. 'स्वस्त' हे विशेषण अपुरे आहे. त्याला नेहमी चतुर्थी लागते. कोणाला स्वस्त? हा प्रश्न विचारला की दरपत्रकातून एकेक माणूस बाहेर येऊ लागतो: जादा ठरलेली आजी, ओट्यापाशी उभी असलेली सून, महामार्गावरच्या खोलीतून एका रात्रीपुरती हाकललेली आई. किल्ल्याच्या खरेखोटेपणावर आपण पुष्कळ लिहिले. आता वर्गात एखादे वर्ष त्या किल्ल्याच्या हॉटेलाचे दरपत्रक नेमावे, आणि विद्यार्थ्यांना त्यातल्या चार या आकड्यावर दहा गुणांची टीप लिहायला सांगावी.