ब्रेक फेल झाले म्हणे!

मध्यंतरी घर बदललं. आंबेगावहून बाणेरला. सामान ते काय, एक कपाट, फ्रिज, गादी आणि पुस्तकांची चार खोकी. एका पिकअपमधे सगळं मावलं आणि मी पुढे ड्रायव्हरमामांच्या शेजारी बसलो. (भाडं ठरवताना घासाघीस करून ५०० रुपये कमी केले होते, त्यामुळे स्वारी खुशीत!)

हायवेला लागलो. नवले पुलाकडे जाणारा तो उतार पुणेकरांना वेगळा सांगायला नको. मामांनी ब्रेक दाबला आणि पुढच्या चाकातून आवाज आला... कर्रर्रर्र. लोखंडावर लोखंड.

"मामा, हे काय?"

"पॅड संपलेत, साहेब. मालकाला दोनदा बोललो. म्हणतो, एवढा महिना काढ, मग बघू."

हे ऐकून मी काय केलं? काही नाही. नवीन घरमालक चावी घेऊन थांबला होता. मी मुकाट्याने सीटबेल्ट घट्ट केला. सुखरूप पोचलो. पण तेव्हापासून एक शब्द डोक्यात ठाण मांडून बसलाय: 'ब्रेक फेल'.

माझं स्पष्ट मत आहे की हा शब्द बातम्यांतून हद्दपार केला पाहिजे. 'ब्रेक फेल झाले' म्हणजे जणू वीज पडली, भूकंप झाला. कुणाचाच दोष नाही!

२० नोव्हेंबर २०२२ ची रात्र आठवा. याच उतारावरून आलेल्या ट्रकने नवले पुलाजवळ गाड्यांची रांगच्या रांग चेपली. फायर ब्रिगेडने त्या रात्री ४८ गाड्यांचा आकडा दिला. आधी सगळीकडे 'ब्रेक फेल'. मग पोलिसांच्या प्राथमिक तपासात निघालं की ड्रायव्हरने उतारावर इंजिनच बंद केलं होतं. उतारावर डिझेल वाचवायची ही जुनी खोड. इंजिन बंद म्हणजे गिअरची रोख गेली, ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसरही थांबला. पुन्हा पुन्हा पेडल मारलं की हवा संपली. १३ नोव्हेंबर २०२५ ला त्याच पट्ट्यात कंटेनरने गाड्या उडवल्या, आग लागली, आठ माणसं गेली. पुन्हा कानावर आला तो शब्द तोच.

आता जरा इंजिनिअरिंग. भरलेला पिकअप ३ टनांचा धरा. तो १०० मीटर उंची उतरला की साधारण ३० लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्यात ९ लिटर पाणी नळाच्या पाण्यापासून उकळीपर्यंत येतं. गाडी खालच्या गिअरमधे असेल तर यातला बराच भार इंजिन घेतं. न्यूट्रल असेल तर सगळा भार पुढच्या पॅडवर आणि मागच्या ड्रममधल्या लायनरवर. त्यात मालकाने दीडपट माल भरला असेल तर गणित तुम्हीच करा.

नव्या पॅडवर साधारण १० मिलिमीटर मटेरियल असतं. ३ मिलिमीटर उरलं की बदलायचा. बऱ्याच पॅडला एक पत्री असते, ती या सुमारास डिस्कला घासून ची-ची करते. हा पहिला इशारा. पॅड झिजला की टाकीतली ब्रेक ऑइलची पातळी उतरते, हा दुसरा. आपल्याकडे काय करतात? वरून ऑइल ओततात आणि पातळी 'नीट' करतात!! म्हणजे टेस्ट फेल होते म्हणून टेस्टच कॉमेंट करून टाकायची. (कोण हसतंय ते दिसतंय मला.) शेवटी कर्रर्र येतं, म्हणजे पॅडची लोखंडी पाठ डिस्क खातेय. आता पॅडबरोबर डिस्कही गेली. ब्रेक ऑइलची तीच गत. ते हवेतला ओलावा पितं. ताजं डॉट-४ ऑइल २३० अंशांपुढे उकळतं, पाणी प्यालेलं १५५ च्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पेडल थेट तळाला. म्हणून ते दोनेक वर्षांनी बदलायचं असतं.

म्हणजे ब्रेक अचानक जात नाहीत. महिनोन् महिने ओरडून सांगून मग जातात.

काहीजण म्हणतील, रस्त्याचा उतारच घातक आहे. मान्य. तो सुधारलाच पाहिजे. पण माझ्या पिकअपचा पॅड उताराने नाही, मालकाच्या 'मग बघू'ने संपवला. काहीजण म्हणतील, ड्रायव्हर बेदरकार. असतात. पण मामांनी दोनदा सांगितलं होतं हो! गाडी त्यांची नाही, पैसा त्यांचा नाही, अपघात झाला तर तुरुंग मात्र त्यांचा.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १९० वाचा. धोकादायक दोष असलेली गाडी चालवणारा तर दोषी आहेच, पण ती चालवायला लावणारा आणि चालवू देणाराही. दोष माहीत असलाच पाहिजे असंही नाही, साधारण काळजी घेतली असती तर कळला असता एवढं पुरे. म्हणजे अपघातानंतर पहिला प्रश्न हवा: पॅड शेवटचे कोणी बघितले, कधी बघितले, बिल कुठाय?

आणि आपण? ५०० रुपये कमी करताना ते कुठून कमी होतात हे मी विचारलं नव्हतं. डिझेल स्वस्त होत नाही, टोल माफ होत नाही. मग उरतं काय? पॅड.

दुसऱ्या दिवशी मालकाला फोन केला. म्हणालो, पॅड बदला. तो हसला. "साहेब, तुमचं सामान पोचलं ना?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. सामान पोचलं होतं. मामा मात्र त्या सकाळी पुन्हा कात्रज उतरत असणार.

पुढच्या वेळी टेम्पो ठरवाल तेव्हा भाव करण्याआधी ब्रेकचं विचारा. कर्रर्र ऐकू आलं तर गाडी बाजूला घ्यायला सांगा, चावीवाला थांबेल तासभर. मी सांगितलं नाही, म्हणून हे लिहितोय. बघा पटतंय का.