सालअखेरची फेरिस्त

डिसेंबरचा उत्तरार्ध उजाडला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून आणि घरबसल्या संगीत पुरविणाऱ्या कंपन्यांकडून सरत्या वर्षातील सर्वोत्तम अल्बमांच्या याद्या प्रसिद्ध होऊ लागतात, आणि त्या प्रत्येक यादीच्या मुळाशी एक गोष्ट निमूटपणे गृहीत धरलेली असते, ती ही की, जी ध्वनिमुद्रिका ज्या साली बाजारात आली तेच तिचे साल. महसुली दप्तराला हा हिशेब शोभतो. रसिकाने तो का मानावा हे मला उमगलेले नाही. एखादी तबकडी ज्या वर्षी ऐकणाऱ्याच्या कानी प्रथम पडली, किंवा पुष्कळ वर्षे घरात असूनही ज्या वर्षी तिने त्याला हातातले काम टाकून आपल्यासमोर बसविले, ते वर्ष तिचे, असे माझे मत आहे. आणि २०२४ सालाची माझी फेरिस्त मी याच न्यायाने केली आहे.

छत्तीसगढातील अभनपूरसारख्या तहसिलीच्या गावी राहणाऱ्याला हा न्याय सुचणे स्वाभाविकही आहे. रायपूर-धमतरी ही अरुंद रुळांची गाडी १९०० साली सुरू झाली, तिचा राजिमकडे जाणारा फाटा आमच्याच गावापाशी फुटे, आणि नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत व तिच्या मागाहून या मुलुखात स्थायिक झालेल्या मराठी घरांपर्यंत मुंबई-पुण्याकडचे नवे गाणे पोचायचे ते रायपूरच्या तात्यापाऱ्यातील आप्तांकडून मागून आणलेल्या तबकडीच्या रूपाने, म्हणजे तिकडे ते जुने होऊन गेल्यावर. नवेपणाचा प्रकाशनाच्या तारखेशी येथे कधीच फारसा संबंध नव्हता.

आज भ्रमणध्वनीवर सारेच एका क्षणात उपलब्ध झाले आहे, हे मान्य. परंतु तारखांचा घोळ त्यामुळे मिटण्याऐवजी वाढलाच. जुन्या मुद्रणाचे ज्या दिवशी संगणकीय रूपांतर झाले तोच दिवस तेथे पुष्कळदा प्रकाशनाचा म्हणून नोंदलेला असतो, आणि त्यामुळे कैलासवासी गवई दर दोन-चार वर्षांनी नवा अल्बम काढीत आहेत असा भास होतो; तबल्यावर कोण होते, पेटी कोणी धरली, हा तपशील तर बहुधा गळूनच गेलेला असतो. ज्या दस्तऐवजावर साल खोटे आणि साक्षीदारांच्या सह्या गायब, तो कोणत्या कचेरीने दाखल करून घेतला असता?

वर्षाचा आरंभच अशुभ झाला. ९ जानेवारीस कोलकात्यात उस्ताद रशीद खाँ अवघ्या ५५व्या वर्षी गेले, आणि चारच दिवसांनी, १३ जानेवारीस, डॉ. प्रभा अत्रे पुण्यात निवर्तल्या; त्याच दिवशी त्यांना कार्यक्रमासाठी मुंबईस जायचे होते, हे वाचून मन थक्क झाले, कारण वय ९१ वर्षांचे होते. माझ्या यादीत अग्रस्थानी आहे ती प्रभाताईंची मारुबिहाग आणि कलावती या रागांची, अर्धशतकाहून जुनी, एच.एम.व्ही.ची लाँगप्ले. लाँगप्लेच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटांचा अवकाश. तेवढ्यात ख्याल मांडावयाचा म्हणजे विस्ताराची हाव आवरावी लागते, आणि पुष्कळ थोर गवयांचे मुद्रण याच ठिकाणी घाईचे अथवा अपुरे वाटते. येथे तसे होत नाही. मारुबिहागातला तीव्र मध्यम त्या इतक्या निवांतपणे घोळवितात की घड्याळाचे भान राहू नये, आणि ऋषभ-मध्यम वर्ज्य असलेल्या कलावतीच्या मोजक्या पाच स्वरांत त्यांची सरगम अशी खेळते की सरगम हा ख्यालाचा अलंकार की ख्यालाचे अंग, हा जुना वाद निदान ती तबकडी फिरत असेपर्यंत तरी निरर्थक वाटावा. सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडून मिळालेल्या किराणा विद्येत अमीर खाँसाहेबांच्या गायकीचे चिंतन मिसळून, शिवाय सरगम या विषयावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळविणाऱ्या या विदुषीने आपल्या मताची साक्ष गळ्याने दिली. ही ध्वनिमुद्रिका २०२४ सालची नव्हे, असे मला कोणी सांगू नये.

रशीद खाँच्या मुद्रणांपैकी मारव्यापुढे मी गेलोच नाही.

खरोखर ताजी म्हणावी अशी एकच कृती यादीत आहे, आणि तीही २०२३ची: ‘ॲज वी स्पीक’. बेला फ्लेक यांचा बँजो, एडगर मायर यांचा डबल बेस, राकेश चौरसिया यांची बासरी आणि झाकीर हुसेन यांचा तबला अशी ही चौकडी. ४ फेब्रुवारीच्या ग्रॅमी समारंभात झाकीरभाईंनी एका रात्रीत तीन पारितोषिके मिळविली. त्यांपैकी ‘शक्ती’च्या ‘धिस मोमेंट’चा गाजावाजा आपल्याकडे अधिक झाला, कारण शंकर महादेवन आपले, आणि चार दशकांहून अधिक काळानंतर त्या संघाचा हा पहिलाच स्टुडिओतला अल्बम. माझा कौल मात्र दुसऱ्या बाजूला पडतो. ‘शक्ती’त पराक्रम आहे, पण या चौकडीत संभाषण आहे, बँजोची तुटक अक्षरे आणि बेसचा गजाने ओढलेला दीर्घ स्वर यांच्यामध्ये तबला कोठे थांबतो, हे ऐकण्यासारखे आहे. १५ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्को येथे झाकीरभाई गेल्यावर दूरचित्रवाणीवर जे तुकडे दाखविले गेले ते बहुतेक वेगाचे होते. ते स्वाभाविक असले तरी अन्यायाचे होते.

या न्यायाने नवोदितांचे काय होणार, असा आक्षेप कोणी घेईल, आणि त्यात तथ्य आहे. त्यांच्यासाठी प्रकाशनाच्या सालाची यादी अवश्य असावी, मात्र तिला आवडीची यादी म्हणू नये.

वर्षाच्या मापाने मोजावी अशी कृती मराठीत एकच झाली, ती ‘गीतरामायण’. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीस, पुणे आकाशवाणीवरून तिचा प्रारंभ झाला. दर आठवड्यास एक गीत, आणि त्या शकात अधिक भाद्रपद आल्यामुळे गीतांची संख्या ५६ झाली. २०२४च्या २२ जानेवारीस अयोध्येत झालेल्या राममंदिराच्या सोहळ्यानिमित्त गावोगाव ध्वनिक्षेपकांचा जो कल्लोळ झाला त्यातून सुटका म्हणून मी माडगूळकर-फडक्यांकडे वळलो. येथील लोक कौसल्येचे माहेर आपल्या मुलुखात मानतात, रायपूरजवळ चंदखुरीला तिचे देऊळ आहे, आणि राम त्यांचा ‘भांचा’, म्हणजे भाचा. म्हणून मामा येथे भाच्याच्या पाया पडतो. बाबूजींच्या, म्हणजे फडक्यांच्याच, आवाजातील कौसल्येचे पद छत्तीसगढी शेजाऱ्यांसमवेत ऐकताना ते ज्या आपलेपणाने माना डोलावतात, तो पुण्यातील सभागृहात मी पाहिलेला नाही.

महाभारताची गोष्ट मात्र निराळी. दुर्ग जिल्ह्यातल्या गनियारीच्या तीजनबाई कापालिक शैलीत उभ्या राहून पंडवानी गात तेव्हा हातातला तंबुरा क्षणात भीमाची गदा होई. हे तबकडीत मावत नाही, आणि म्हणूनच कदाचित पद्मविभूषण मिळालेल्या या कलावतीचे, किंवा वेदमती शैलीच्या झाडूराम देवांगनांचे मुद्रण रागसंगीताच्या आस्थेने जपलेले बाजारात फारसे दिसत नाही. आकाशवाणीने आपल्या संग्रहातले रागसंगीत स्वतः प्रसिद्ध करण्याचा उपक्रम यापूर्वी केलेला आहे. त्याच धर्तीवर रायपूर केंद्राच्या दप्तरात पंडवानीची जी मुद्रणे असतील ती अखंड, कापाकापी न करता, मुद्रणाची खरी तारीख आणि हुंकार देणाऱ्या ‘रागी’सह प्रत्येक साथीदाराचे नाव देऊन काढावीत. ती कोणत्या साली निघाली याची चौकशी मी करणार नाही.