स्वस्त वर्ग स्वस्तच राहू द्या

अमेरिकेत मातीच्या लंबगोल ट्रॅकवर स्प्रिंट कारच्या शर्यती होतात. वरच्या वर्गात ४१० घनइंची इंजिन चालते, आणि नवे इंजिन घ्यायचे तर ५०,००० डॉलरही पुरत नाहीत. म्हणून गॅरेजवाल्या, पगारदार माणसासाठी ३०५ घनइंचीचा वर्ग निघाला. काही ट्रॅकवर कारखान्यातून सीलबंद आलेलेच इंजिन लावावे लागते; सील तोडले की गाडी बाद.

आमचे म्हणणे असे की, नियम नुसता लिहून भागत नाही, तो तपासता आला पाहिजे. न तपासलेला नियम फक्त प्रामाणिक माणसाचे हात बांधतो. आय.एम.सी.ए. या संस्थेने १९७९ साली मॉडिफाइड गाड्यांचा वर्ग सुरू केला. त्यात विजेत्याचे इंजिन ठरलेल्या भावात मागण्याचा हक्क हरलेल्याला मिळाला. मग महागडे इंजिन लावून कोण फसेल? व्यापारी बंधूंना यातली मेख सांगायला नको.

बंधनाने कारागिरी मरते, असे काही जण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. माल सारखा असला की हाताचे कसब उलट उठून दिसते.

सुरक्षेच्या सामानात काटकसर नको. बाकी 'एवढी एकच सूट द्या' म्हणणाऱ्याला नकार द्यावा. आज एकाने घेतलेला महाग भाग उद्या सर्वांना घ्यावा लागतो, आणि ज्याला झेपत नाही तो गाडी विकून घरी बसतो.